हा कसला समुद्र!

आईला घेऊन मॉरिशसला जायचं ठरलं आणि ते मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, तिथेच चुकलं. दहा मिनिटांत मामाचा प्रश्न आला, ‘आपलं लक्षद्वीप काय वाईट आहे?’ जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले, त्यावर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी वाटेल ते लिहिलं, त्यांना निलंबित करण्यात आलं आणि आपल्याकडे मालदीववर बहिष्काराची लाट उसळली. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर ‘बेट’ हा शब्द काढायची सोय राहिलेली नाही. मॉरिशस म्हणजे मालदीव नव्हे, हे सांगून उपयोग नव्हता. जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान मालदीवच्या स्वातंत्र्यदिनाला पाहुणे म्हणून जाऊन आले, दोन्ही सरकारांचं गोड झालं, पण मामाचा बहिष्कार अजून चालू आहे.

मग आत्या. ‘या वयात समुद्रावर काय करणार ती? त्यापेक्षा चारधाम करून आण.’ आईचे गुडघे दुखतात हे आत्याला ठाऊक आहे. गुडघे दुखतात म्हणून सपाट किनारा नको, आणि साडेतीन हजार मीटर उंचीवरचं केदारनाथ मात्र चालेल! या हिशेबाला मी अजून उत्तर शोधते आहे. एका चुलतभावाला ‘दोघीच?’ एवढंच विचारायचं होतं. बरोबर जावई नाही, नातवंडं नाहीत, दोघी बायका आठ दिवस एका बेटावर काय करणार, हा त्याच्या त्या एका शब्दातला मजकूर. आणि कोणी लिहिलं नाही तरी सगळ्यांच्या मनात असलेलं वाक्य मला पाठ आहे: वर्षभर तिकडे परदेशात राहायचं, आठ दिवस फिरवून आणायचं, की झालं यांचं कर्तव्य.

हे वाक्य पूर्ण खोटं असतं तर बरं झालं असतं.

आई त्याच ग्रुपमध्ये आहे. सगळं वाचत होती, निळ्या खुणा दिसत होत्या. तिला काय हवंय हे तिला एकानेही विचारलं नाही. ‘एकानेही’मध्ये मी आले.

मॉरिशसच का, याचं खरं कारण समुद्र नव्हताच. मी नेदरलँड्समध्ये राहते, गेली अकरा वर्षं. आईला इकडे आणायचं म्हणजे शेंगेन व्हिसा. त्यासाठी मी तिची हमी घेते असा फॉर्म, त्यावरची माझी सही इथल्या नगरपालिकेत जाऊन प्रमाणित करायची, किमान तीस हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा, तिच्या पेन्शनचे कागद, बँकेचे उतारे आणि या सगळ्याच्या तळाशी एकच प्रश्न: ही बाई परत जाईल कशावरून? पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या माझ्या आईने, आपण एका अनोळखी देशात लपून राहणार नाही, हे सिद्ध करायचं. मागच्या वेळी ती म्हणाली, ‘पुन्हा नको गं. परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.’ मॉरिशसला भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. मुंबईहून थेट विमान, साधारण सहा तास. मी पॅरिसला विमान बदलून पोचणार. दोघींना कोणापुढे हात पसरायला न लागता भेटता येईल अशी जागा मी नकाशावर शोधत होते, आणि ती बेट निघाली, इतकंच. देशप्रेमाच्या वादात या बाजूने कोणी बोलत नाही. परदेशात मुलगी असलेल्या आईला कुठलं बेट जवळ, हे अंतरावर ठरत नाही, शिक्क्यावर ठरतं.

आता माझा गुन्हा. मी एक्सेल शीट केलं. इथे अकरा वर्षं काढल्यावर माणसाचं हेच होतं. मैत्रिणीबरोबर कॉफी प्यायची तर तीन आठवडे आधी डायरी उघडावी लागते, आणि त्याचं आता मला काही वाटत नाही. आठ दिवस, दिवसाचे तीन भाग, चोवीस चौकोन, सगळे भरलेले. कयाक, डॉल्फिन, शामरेलची सात रंगांची माती, पाम्प्लमूसची बाग, ब्लू बेची काचेच्या तळाची होडी, गंगा तलाव, दोन मसाजसुद्धा. फाइल आईला पाठवली. चार दिवसांनी तिने त्या फाइलचा फोटो पाठवला. शेजारच्या मुलाकडून छापून घेतलेला कागद, आणि त्यावर लाल पेन.

चोवीसपैकी तेरा चौकोन खोडलेले. कयाकपुढे ‘का?’ डॉल्फिनपुढे ‘पहाटे साडेपाच? सुट्टी आहे ना?’ मसाजपुढे नुसती फुली. पाम्प्लमूसपुढे मात्र ‘एवढ्याच वेळात कसं होईल?’ आणि खाली, जागा नव्हती म्हणून समासात: ‘आपण बोलायचं कधी?’

माझ्या इथल्या शेजारणीला मी हे गंमत म्हणून सांगितलं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची, बॅटरीच्या सायकलवर बाजारहाट करते, गिर्यारोहणाच्या गटाबरोबर ऑस्ट्रियाला जाऊन येते. ती हसली नाही. तिने विचारलं, ‘आईला तुझ्याबरोबर यायचंय, की तुला तिला न्यायचंय?’ असा प्रश्न आपल्या घरात विचारला जात नाही. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला ‘न्यायचं’, ‘आणायचं’, ‘फिरवायचं’, ‘दाखवायचं’. सगळी क्रियापदं दुसऱ्याची. इथे म्हाताऱ्या माणसाला विचारतात: अंघोळ कधी, औषध घ्यायचं की नाही, कोणत्या घरात राहायचं. हे मला या देशाने शिकवलं आणि त्याचा मला आदर आहे. पण त्याच शेजारणीची मुलं चाळीस मिनिटांवर राहतात आणि वेळ ठरवून रविवारी येतात, तिलाही ते ठीक वाटतं म्हणते, आणि तरी रविवारी दुपारी तीनला मुलं गेली की तिच्या खिडकीचा पडदा लवकर ओढला जातो, हेही मी पाहते. विचारणं आणि सोबत असणं या दोन गोष्टी एका घरात नांदताना मला अजून फारशा दिसलेल्या नाहीत. तिकडेही नाही, इकडेही नाही.

पुन्हा शीटकडे. माहितीच्या बाबतीतही मी चांगलीच आपटले असते. फोटो सुंदर म्हणून पूर्व किनाऱ्यावर हॉटेल बघून ठेवलं होतं. ऑगस्टमध्ये तिथे हिवाळा, आणि आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे पूर्वेला सरळ अंगावर येतात. आईसारख्या गार वाऱ्याने कान धरणाऱ्या माणसाला त्या दिवसांत पश्चिम बाजू बरी. वेळेत कळलं, बदलता आलं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन आठ महिने झाले होते, तरी समुद्राच्या पाण्याबद्दल तिच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. व्हीलचेअर तिने आधी धुडकावली (‘मला काय झालंय?’), मग विमानतळावरच्या चालण्याचा अंदाज घेऊन मुकाट्याने घेतली. चालता येत असून व्हीलचेअर मागवतात म्हणून आपल्या आयांवर इंटरनेटवर बरंच तोंडसुख घेतलं जातं. ते घेणाऱ्यांनी एकदा सत्तरीचे गुडघे घेऊन अनोळखी विमानतळ पार करून दाखवावा.

पहिल्या दिवशी आईला किनाऱ्यावर नेलं. मॉरिशसला जवळपास सगळीकडून प्रवाळाचं कडं आहे. लाटा दूर त्या कड्यावर फुटतात, आतलं पाणी हिरवं-निळं आणि निवांत. मी तिच्या तोंडाकडे बघत उभी. परदेशी राहणाऱ्या मुलांना ही वाईट खोड असते, दाखवलेल्या वस्तूची पावती ताबडतोब हवी असते. आई म्हणाली, ‘हा कसला समुद्र! हे तळं आहे.’

ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावर वाढली. घरातून गाज ऐकू यायची. आणि आयुष्यात घोट्याच्या वर पाण्यात गेली नाही. समुद्र बघायचा, त्याला नमस्कार करायचा, त्यात पुरुष जातात आणि सगळे परत येत नाहीत. तिने आणखी एक हरकत काढली, ‘नारळी पौर्णिमा अजून व्हायचीय. तोवर उतरत नाहीत.’ अगं, तो नियम आपल्या पावसाळ्याचा, हा वेगळा गोलार्ध, इथे थंडी आहे. ‘समुद्र काय दोन असतात?’ यावर मी गप्प.

तिसऱ्या दिवशी तिने आपणहून विचारलं, ‘तो चष्मा आणलायस ना?’ नंबरची काच बसवलेला पाण्यातला मास्क मी घेऊन आले होते, त्याचा मला फार अभिमान होता. पण मास्कबरोबरच्या नळीचं तोंड दातांत धरावं लागतं आणि आईला वरची अर्धी कवळी आहे, हे मी, तिची मुलगी, विसरले होते. ‘आणि ती समुद्रात पडली म्हणजे?’ नळी राहिली बाजूला. पायात रबरी बूट, कारण तळाला काटेरी सी-अर्चिन असतात आणि हुबेहूब दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिशही. अंगात सलवार-कमीज. किनाऱ्यावर त्या वेषात ती एकटीच होती आणि एक क्षण मला, खरं सांगते, लाज वाटली. मग मुलाची पोहण्याची परीक्षा आठवली. नेदरलँड्समध्ये पहिल्या डिप्लोमाला मुलांना अंगात कपडे आणि पायात बूट घालून पोहून दाखवावं लागतं, कारण कालव्यात पडणारं मूल पोहण्याच्या पोशाखात पडत नाही. म्हणजे त्यांच्या हिशेबाने आईचाच वेष रास्त.

कमरेइतकं पाणी, गारसं. तिचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर, नखं रुतत होती. तिने श्वास घेतला, तोंड पाण्यात घातलं, तीन सेकंदांत वर. काही नाही म्हणाली. पुन्हा. पाचव्या की सहाव्या खेपेला ती बराच वेळ वर येईना आणि माझ्याच छातीत धडधडलं. वर आली ती मास्क न काढता, घुसमटलेल्या आवाजात: ‘पट्टेवाले आहेत. माझ्या पायाशी. पायाला घाबरत नाहीत.’ ओले केस कपाळाला चिकटलेले, नाकावर मास्कचा वळ. मी फोन किनाऱ्यावर ठेवला होता. या क्षणाचा फोटो नाही.

गाडीवाल्याचं आडनाव कोल्हापूर-साताऱ्याकडचं, भाषा क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंचवरून घडलेली बोली. आईने मराठी सुरू केलं, तो हसला, मान हलवली, कळलं नव्हतं. मग त्याने गणपतीची आरती म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता. अर्थ विचारल्यावर म्हणाला, आजी म्हणायची. पोर्ट लुई बंदरातला आप्रवासी घाट त्यानेच आग्रहाने दाखवला. माझ्या शीटमध्ये तो नव्हता, ही कबुली देते. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, या बंदरात उतरले, त्यांतले काही मुंबई बंदरातून, रत्नागिरीकडचेही. २००६ पासून ही जागा जागतिक वारसा यादीत आहे. त्या दगडी पायऱ्यांशी आई थांबली. गुडघ्यांमुळे तिला पायऱ्या आधी मोजायची सवय आहे. या वेळी मोजल्या नाहीत. ‘यांना तरी कोणी विचारलं असेल का, यायचंय का म्हणून,’ म्हणाली, आणि मला समजेना की हे त्यांच्याबद्दल आहे की आमच्या शीटबद्दल.

बाकीच्या ठिकाणांना दोन ओळी पुरेत. शामरेलची माती फोटोत जास्त रंगीत दिसते. काचेच्या तळाच्या होडीत तिला मळमळलं. बागेत मात्र ताटाएवढ्या, छे, परातींहून मोठ्या कमळपानांपाशी ती दीड तास बाकावर बसली, आणि माझ्याशी माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाबद्दल बोलली, जे आम्ही फोनवर अकरा वर्षांत बोललो नव्हतो.

दक्षिण टोकाला सुयाकजवळ ग्री-ग्री नावाची जागा आहे. तिथे प्रवाळाचं कडं तुटलेलं आहे, लाटा थेट काळ्या कड्यावर येऊन आदळतात. पोहणं धोक्याचं, करायला काहीच नाही, म्हणून मी ती यादीत घेतलीच नव्हती. गाडीवाला चहाला थांबला म्हणून आम्ही थांबलो. आई गाडीतून उतरली, पदरासारखी ओढणी डोक्यावरून घेतली आणि वाऱ्यात उभी राहिली. तोंडावर पाण्याचे शिंतोडे येत होते. तिने हात जोडले. ‘हा,’ म्हणाली, ‘हा समुद्र.’ उरलेल्या दोन दिवसांत आम्ही तिथे आणखी दोनदा गेलो. बाकीचे चौकोन रिकामे राहिले.

परत येऊन तीन आठवडे झाले. ग्रुपवर आईने एकच फोटो टाकला, कमळपानांचा, आणि खाली मामाने पुन्हा लक्षद्वीपचा विषय काढला. काल तिचा मला वेगळा निरोप आला. आमच्या त्याच छापील कागदाची पाठकोरी बाजू, लाल पेन: ‘लक्षद्वीप. पुढच्या वर्षी. मामाला बरोबर घ्यायचं नाही. आपल्याच बेटावर जायलासुद्धा परवाना लागतो म्हणे, चौकशी कर. चौकोन करू नकोस.’