‘स्क्रीन बिघडली की थंडरबर्ड काढून परत टाका’ हा मेसेज पुढं पाठवू नका राजेहो

सेतूवाले, ग्रामपंचायतीचे ऑपरेटर, कृषी केंद्रवाले, सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला आहे. त्यात म्हटलंय की थंडरबर्डमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर मेल वाचायच्या-पाठवायच्या प्रोग्राममध्ये, अक्षर बारीक झालं, कॉलम गायब झाले, स्क्रीन अस्ताव्यस्त झाली तर सरळ अनइन्स्टॉल करून परत टाका, सगळं पहिल्यासारखं होते, बॅकअपची गरज नाही कारण मेल सर्व्हरवर असतेच, आणि ‘युजरक्रोम’ नावाची फाइल दिसली तर ती व्हायरस आहे, डिलिट मारा. दिग्रस-आर्णीकडचे पोट्टे हे वाचून खरंच तसं करून राहिले, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं म्हणजे परत टाकल्यानं स्क्रीन नीट होते हे. भाऊ, प्रोग्राम राहते प्रोग्राम फाइल्समध्ये आणि तुमची सेटिंग, खाती आणि मेल राहते प्रोफाइल फोल्डरमध्ये, सी ड्राइव्हवर तुमच्या युजरच्या नावाखाली अ‍ॅपडेटा, मग रोमिंग, मग थंडरबर्ड, मग प्रोफाइल्स. अनइन्स्टॉल केलं तं प्रोग्राम जाते, प्रोफाइलला हातही लागत नाही. परत टाकलं की ते तेच जुनं प्रोफाइल उचलते आणि तीच बिघडलेली स्क्रीन पुन्हा समोर येते. फॉन्ट, रंग वगैरे ‘प्रेफ्स डॉट जेएस’मध्ये असते, खिडकीची आणि पट्ट्यांची रुंदी ‘एक्सयूएलस्टोअर डॉट जेसन’मध्ये, आणि एखाद्या फोल्डरमध्ये कोणता कॉलम कुठं हे त्या फोल्डरच्या ‘एमएसएफ’ फाइलमध्ये, जी मेलची नुसती सूची असते. म्हणजे कोणी सांगितलं म्हणून सगळ्या एमएसएफ फाइली उडवल्या तं मेल परत दिसतील पण कॉलमची मांडणी गेली समजा.

आणि याच सल्ल्यानं खरं नुकसान कसं होते ते पाहा. आपल्याकडं नेट हॉटस्पॉटवर चालते, म्हणून नवीन सेटअप कोणी उतरवत नाही, पेनड्राइव्हमध्ये पडलेला जुनाच टाकतात. प्रोफाइल मात्र नव्या आवृत्तीनं वापरलेलं असते. मग थंडरबर्ड म्हणते हे प्रोफाइल माझ्यापेक्षा नव्या आवृत्तीचं आहे, नवीन प्रोफाइल बनवा नाहीतर बंद करा. माणूस घाबरून नवीनवर क्लिक करते आणि समोर कोरी स्क्रीन, ना खातं ना मेल. शेतकरी कंपनीच्या ऑफिसात हिशेब पाहणाऱ्या एका ताईंसोबत हेच झालं, कापसाच्या पेमेंटच्या मेल गेल्या म्हणून त्या रडकुंडीला आल्या होत्या. काही गेलं नव्हतं. थंडरबर्ड नव्या आवृत्तीवर आणलं, हेल्पमध्ये ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडलं, तिथल्या ‘अबाउट प्रोफाइल्स’वर गेलो, जुन्या प्रोफाइलला डिफॉल्ट केलं, बंद करून चालू केलं, सगळं जागेवर. असं कोणाचं झालं असेल तं आधी हे करा, खातं नव्यानं जोडत बसू नका, नाहीतर आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच ठेवणारी जोडणी) सगळी मेल परत उतरते आणि रोजचा दीड जीबी दुपारीच संपते.

मेल सर्व्हरवर असते म्हणून बॅकअप नको, हेही अर्धंच खरं. आयमॅप असेल तं मेल सर्व्हरवर असते, कबूल. पण पॉप (मेल मशीनवर उतरवून घेणारी जोडणी) लावलेलं असेल आणि सर्व्हरवरून काढून टाकायची सेटिंग असेल तं ती मेल फक्त तुमच्या मशीनवर आहे. लोकल फोल्डर्समध्ये ओढून ठेवलेल्या मेलही तशाच. मशीनवरचे पत्ते, तुम्ही बनवलेले फिल्टर, फॉन्ट, रंग, मांडणी, यातलं काहीच मेलचा सर्व्हर सांभाळत नाही.

आता ती युजरक्रोम फाइल. व्हायरस अजिबात नाही. ‘युजरक्रोम डॉट सीएसएस’ ही साधी टेक्स्ट फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते, यादीतली ओळ किती उंच, न वाचलेल्या मेलचा रंग कोणता एवढंच तिच्यात लिहिलेलं असते. ती प्रोग्राम चालवत नाही. पण स्क्रीन बिघडवू शकते हे मात्र खरं, आणि काहून ते समजून घ्या. जुलै 2023 मध्ये थंडरबर्ड 115 आलं, सुपरनोव्हा म्हणतात ते, त्यात मेलच्या यादीचा आतला सांगाडाच बदलला. जुन्या फाइलीतले नियम ज्या भागांची नावं घेत होते ते भागच राहिले नाहीत, म्हणून काहींची सजावट एका अपडेटमध्ये गेली. फाइल उडवू नका, तिचं नाव बदला, थंडरबर्ड चालू करून पाहा, फरक पडला तं दोष तिच्यातच आहे, मग एकेक नियम परत घालत जा. आणि तिचा परिणामच दिसत नसेल तं दोन गोष्टी तपासा. एक, सेटिंग्ज, जनरल, तिथं एकदम खाली कॉन्फिग एडिटर आहे, त्यात ‘लेगसी’ शोधा, शेवटी ‘स्टाइलशीट्स’ असलेलं जे नाव निघते ते ट्रू आहे का पाहा, नाहीतर फाइल वाचलीच जात नाही. दुसरं, विंडोज शेवटचं टीएक्सटी लपवते, त्यामुळं तुम्हाला सीएसएस दिसणारी फाइल खरं म्हणजे सीएसएस डॉट टीएक्सटी असते, ही तं फारच लोकांची अडचण आहे.

दोष कुठं आहे हे शोधायला शिफ्ट दाबून थंडरबर्ड चालू करा, ट्रबलशूट मोडमध्ये येते. त्यात अ‍ॅड-ऑन (वरून जोडलेले छोटे प्रोग्राम), युजरक्रोम आणि हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन (स्क्रीन काढायला ग्राफिक्स चिपची मदत) बाजूला राहते. तिथं स्क्रीन नीट दिसली तं कारण या तिघांपैकीच एक. तिथंही बिघडलेलीच असेल तं थंडरबर्ड बंद करून एक्सयूएलस्टोअरचं नाव बदला, ते नवीन बनवून घेते.

आणि मराठी अक्षर बारीक दिसते त्याचा बिघाडाशी काही संबंधच नसते बहुतेक वेळा. सेटिंग्ज, जनरल, तिथं फॉन्टच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जा, वर ‘फॉन्ट्स फॉर’ आहे, त्यात देवनागरी निवडा, तिचा साइज लॅटिनपेक्षा (म्हणजे इंग्रजी अक्षरापेक्षा) वेगळा ठेवता येते. लोक लॅटिनचा वाढवतात आणि मराठी तशीच राहते. मेलमध्ये मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसत असेल तं ती बहुतेक कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे, ती युनिकोडमध्ये बदलावी लागते, सेटिंगनं होणार नाही.

बॅकअप सोपा आहे. ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमधून प्रोफाइल फोल्डर उघडा, मग थंडरबर्ड पूर्ण बंद करा, चालू असताना कॉपी करू नका कारण बऱ्याच फाइली त्याच्या ताब्यात असतात आणि अर्धवट कॉपी होते. तो आख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर टाका, नावात तारीख घाला. टूल्समधल्या एक्स्पोर्टनं झिपही निघते, पण 2 जीबीच्या आतल्या प्रोफाइलसाठीच. त्या फोल्डरमध्ये तुमचे पासवर्डही असतात, तेव्हा तो पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात देऊ नका. परत आणताना थंडरबर्ड तेवढ्याच किंवा नव्या आवृत्तीचं टाका, अबाउट प्रोफाइल्समध्ये नवीन प्रोफाइल बनवा, थंडरबर्ड बंद करा आणि बॅकअपमधला सगळा माल त्या नव्या फोल्डरमध्ये ओता, युजरक्रोम ज्यात असते तो ‘क्रोम’ फोल्डर धरून.