पूर समितीत दुर्बल घटक कसे बसवावेत

शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात तुम्ही आपत्ती व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष झाला असाल, तर अभिनंदन. मे संपत आला की वरून पत्र येतं: वृद्ध, दिव्यांग, गरोदर माता, एकट्या राहणाऱ्या बाया, सगळ्यांना पूर्वतयारीत सहभागी करून घ्या. घाबरू नका, एका दुपारचं काम आहे.

बैठक ग्रामपंचायतीच्या वरच्या मजल्यावर घ्या. जिन्याला कठडा नसेल तर उत्तम. कुबड्या घेऊन आलेला माणूस खालीच थांबतो आणि इतिवृत्तात 'दिव्यांगांचा प्रतिसाद अल्प' असं लिहिता येतं. वेळ सकाळी अकराची ठेवा, म्हणजे मजुरीच्या बाया भांगलणीला गेलेल्या असतात. महिला प्रतिनिधी म्हणून माजी सरपंचांच्या सौभाग्यवती आहेतच. त्यांचा बंगला माळावर, पाणी तिथवर कधी गेलेलं नाही, त्यामुळे त्यांचं मत अगदी निःपक्षपाती असतं.

चुकून नदीवेशीतली एखादी म्हातारी आलीच, तर हार घाला, फोटो काढा, पण बोलू देऊ नका. ती सांगत बसेल की पाणी आधी नदीकडून येतच नाही, मागचा ओढा फुगतो. घरात पाणी शिरायच्या आत रस्ता तुटतो, म्हणून निघायचं तर आदल्या दिवशीच. तुमच्या आराखड्यात बाण नदीकडून काढलेत आणि रंगीत छपाईही झाली. एका म्हातारीसाठी बाण फिरवायचे का?

इशारा देणं त्याहून सोपं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. आकडा ग्रुपवर टाकला की आपण सुटलो. बंधारा कोल्हापूरजवळ, आपण कितीतरी खाली. तिथल्या ४३ फुटांना आपल्या कुठल्या गल्लीत पाणी असतं, असं विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी भोंगा वाजवा, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी फलक लावा. यंत्रमागावरच्या बिहारी कामगारांना शुद्ध मराठीत सूचना द्या, तेवढीच भाषेची सेवा. आणि भिंतीवरची २००५ ची खूण सर्वांना दाखवा: यापेक्षा वर येत नाही. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि खूण बुडाली, ती खुणेची चूक.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगांची नोंद ठेवायचं काम जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर टाकलंय. तुमच्याकडे यादी मागतील. पेन्शनची जुनी यादी उतरवून द्या. त्यातले काही वारले असतील, पण त्यांच्यासाठी बोट लागत नाही. वही तळमजल्यावरच्या कपाटात ठेवा.

आता म्हैस. एकटीदुकटी विधवा पुरात घर का सोडत नाही, यावर आपण फार डोकं चालवत नाही. तिची सगळी मिळकत दावणीला बांधलेली असते आणि निवारा केंद्रात जनावराची सोय नसते. ती आली नाही की बातमी होते, 'आवाहनाला न जुमानता'. मग शेवटच्या क्षणी जी नाव मिळेल तिच्यात सगळे चढतात. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला अशीच खच्चून भरलेली नाव उलटली. बुडालेल्यांत बायका होत्या, तान्ही पोरं होती. त्यानंतर आपण यांत्रिक बोटी मागितल्या. म्हशीचा विषय अजेंड्यावर नाही.

राहिली रंगीत तालीम. 'अंथरुणाला खिळलेली वृद्धा' म्हणून तालमीतला हलका पोरगा निवडा, लुगडं नेसवा, दोघांत सहज उचलला जातो. टाळ्या पडतात. खऱ्या आजींच्या वाटेला जाऊ नका. त्यांना खुर्चीसकट उचलायला चौघं लागतात, आणि वर त्या विचारतात, शाळेत नेऊन ठेवाल, पण संडासाचं काय? संडास आहे की, पाच पायऱ्या उतरून मैदानापलीकडे. अहवालात 'पर्यायी व्यवस्था प्रस्तावित' असं लिहा. वाक्य नव्यानं टाइप करायची गरज नाही, मागच्या वर्षीच्या अहवालात आहे.