जास्तीची मार्गिका सुरक्षित ठरवण्याची सोपी रीत

महामार्गावरच्या एखाद्या गावफाट्यावर उजवीकडे वळणाऱ्या वाहनांसाठी जास्तीची मार्गिका बांधून झाली असेल आणि तिच्यामुळे अपघात घटल्याचा अहवाल तुम्हाला सोमवारपर्यंत द्यायचा असेल, तर मुळीच घाबरू नका. सगळी करामत फाटा निवडण्यात आहे. साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात 3 वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात झाले, की सरकारी व्याख्येने तो 'ब्लॅक स्पॉट' ठरतो. असा नुकताच यादीत चढलेला फाटा घ्या. अपघातांचा आकडा मुळातच वरखाली होत असतो आणि फार वाईट काळानंतर बहुधा जरा बरा काळ आपसूकच येतो. त्या जागी शेंदूर फासलेला दगड बसवला असता, तरी श्रेय दगडालाच मिळाले असते. तुम्ही ते मार्गिकेला द्या.

रस्ते सुरक्षेचे अभ्यासक, टोरांटोचे निवृत्त प्राध्यापक एझ्रा हाउअर यांचे लेखन मात्र चाळू नका. तुलना पूर्वीच्या आकड्याशी नव्हे, तर मार्गिका नसती तर जे अपघात झाले असते त्यांच्याशी करा, असा त्यांचा गैरसोयीचा आग्रह आहे. अमेरिकेत 2002 साली 280 सुधारलेल्या चौकांची तुलना न सुधारलेल्या चौकांशी करून तसा अभ्यास झालाही. मुख्य रस्त्याच्या एका बाजूला डाव्या वळणाची, म्हणजे आपल्याकडच्या उजव्या वळणाची, मार्गिका दिल्यास सिग्नल नसलेल्या ग्रामीण तिठ्यावर 44 आणि चौकात 28 टक्के अपघात कमी होतील, असा त्या अभ्यासाचा अंदाज निघाला. त्यातला 44 तेवढा उचला. तुमचा फाटा तिठा आहे की चौक, हे कोण मोजायला येतो?

जागेवर जावेच लागले, तर उसाच्या हंगामात संध्याकाळी जाऊ नका. नव्या मार्गिकेत वडापावची गाडी, तिच्यापुढे एसटी आणि मागे दिवा नसलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर उभा असतो, आणि त्यांच्या आडून सरळ येणारा ट्रक गावाकडून निघालेल्या दुचाकीस्वाराला दिसत नाही. (मार्गिका वळणाऱ्या वाहनांसाठी आहे, हे त्या बिचाऱ्या ट्रॅक्टरला कोणी सांगितलेले नसते.) मग कंटाळलेली माणसे पुढच्या दुभाजकाच्या फटीतून उलट्या दिशेने येऊ लागतात. तिथला अपघात तुमच्या 500 मीटरमध्ये मोजू नका. तो पुढच्या फाट्याच्या खात्यात जाऊ द्या. यथावकाश तोही ब्लॅक स्पॉट ठरेल आणि तिथेही मार्गिका मंजूर होईल. त्या अहवालाला हाच मजकूर चालेल, फक्त गावाचे नाव तेवढे आठवणीने बदला.