वासाचं आधी बघू या, मावशी

पेशंट भिंतीकडे तोंड करून पडलेली असेल आणि घरचे दारातच घुटमळत असतील, तर फाइल उघडायच्या आधीच मला अंदाज येतो. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, बराच पुढे गेलेला, आणि अंगावरून जातं त्याला वास. दुखतंय का विचारलं की "थोडं थोडं" म्हणतात. वासाचं मात्र स्वतःहून कोणी काढत नाही. आपणच विचारायचं, तेही घरच्यांना बाहेर बसवून, दार लोटून.

पॅलिएटिव्ह नर्सिंगमध्ये, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करण्याच्या सेवेत, इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की या कॅन्सरमध्ये बाईला वेदनेपेक्षा कांकणभर जास्तच खाते ती लाज. लाजेवर गोळी नाही, पण वासावर आहे! गाठीतला मेलेला भाग सडतो, तिथे ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू वाढतात, वास त्यांचा. मेट्रोनिडॅझोल नावाचं साधं, जुनं औषध त्यांना मारतं. पोटातून द्यायचं की जखमेवर लावायचं, ते डॉक्टर ठरवतात. बाकीचं आमचं काम. सलाइनने हलक्या हाताने धुणं (चोळलं की रक्त सुरू झालंच म्हणून समजा), चिकटलेलं ड्रेसिंग ओढून न काढता भिजवून सोडवणं, मांड्यांच्या कातडीला झिंक ऑक्साइडचं मलम. कधी मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यात भोक पडून लघवी सतत झिरपत राहते. तेव्हा ही कातडी सांभाळणं हेच दिवसभराचं काम होतं. आणि कृपा करून खोलीत सुगंधी स्प्रे मारू नका. दोन वास मिळून तिसराच तयार होतो, आणि तो कशासाठी मारलाय हे तिला कळतं.

एक मावशी आठवतात. लेकीची खुर्ची दाराजवळ असायची. लेकीने ठेवलेली नव्हे, मावशींनीच तिथे ठेवायला लावलेली. मी म्हटलं, "वासाचं आधी बघू या, मावशी." पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघितलं त्यांनी. "तुम्हाला येतो, सिस्टर?" येतो म्हटलं. खोटं कशाला बोलायचं? पाचव्या दिवशी गेले तर खुर्ची रिकामी, लेक पलंगावर, आणि मावशी तिच्यावर करवादतायत, "सरक जरा, पायावर बसलीस."

रक्तस्रावाचंही तसंच. मोठा रक्तस्राव होऊ शकतो असं वाटलं की आम्ही गडद रंगाचे टॉवेल उशाशी ठेवून देतो. पांढऱ्या चादरीवर थोडं रक्तही फार दिसतं, आणि ती भीती घरच्यांच्या डोळ्यांतून जन्मभर जात नाही. काय होऊ शकतं हे त्यांना आधीच सांगायचं, आणि त्या वेळी एकाने तिचा हात धरून बसायचं.

अंडाशयाच्या कॅन्सरची कटकट वेगळी. पोटात पाणी होतं, आतडं अडतं, उलट्या होतात. तिथे तोंड ओलं ठेवणं हीसुद्धा मोठी सेवा.

मॉर्फीनबद्दल एकच सांगते. ते 'शेवटचं' औषध नाही. घड्याळ लावून द्यायचं, दुखायची वाट बघायची नाही, आणि सोबत पोट साफ होण्याचं औषध द्यायचंच. हे घड्याळाचं तत्त्व लावून धरणाऱ्या सिसिली साँडर्स मुळात नर्स होत्या. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना सांभाळणारी जागा, सुरू केलं. शरीराचं, मनाचं, घरचं सगळं दुखणं मिळून एकच वेदना असते, हे त्यांचं म्हणणं मला रोज पटतं.

एक कबुलीही देते. रेडिएशननंतर योनीमार्ग आकसतो, संबंध दुखतात, हे माहीत असूनही सुरुवातीची काही वर्षं मी तो विषयच काढला नाही. पेशंटच्या नावावर खपवलं, पण संकोच माझाच होता.

राग कशाचा येतो? "आता आमच्याकडे करण्यासारखं काही नाही, पॅलिएटिव्हकडे न्या" या वाक्याचा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ही सेवा आजाराच्या सुरुवातीपासून, केमो-रेडिएशनच्या जोडीने द्यावी. तिच्याच अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना ती लागते आणि मिळते जेमतेम १४ टक्क्यांना. त्यातही किती उशिरा, ते आम्ही बघतोच.

त्या मावशी आमच्याकडे आल्या तेव्हा हातात अकरा दिवस होते. वास चार महिन्यांपासून येत होता.