रंगवलेली वाळू सापडत नाही म्हणून ट्रेसर टेस्ट खोटी? अजिबात नाही

सध्या एक मेसेज फिरतोय. किनाऱ्यावर रंगवलेली वाळू टाकली, दुसऱ्या दिवशी चार दाणेच सापडले, म्हणजे ट्रेसर टेस्ट (रंगीत दाण्यांचा माग काढून किनाऱ्यावरची वाळू कुठे आणि किती सरकते ते मोजणं) निव्वळ धूळफेक. वाळू शेवटी सरळ समुद्रातच जाते, रंगाने दाणा जड होतो आणि वर रेडिएशनचा धोका. वाचून राग आला, कारण यावर विश्वास ठेवून लोक किनाऱ्याबद्दल चुकीची मतं बनवतात.

आधी ते चार दाणे. अहो, लाटा वाळूचा वरचा थर सतत घुसळतात, टाकलेले दाणे कोट्यवधी दाण्यांत मिसळतात, काही खाली गाडले जातात, मग नुसत्या डोळ्यांना दिसणार कसे? म्हणून तर ठराविक अंतरांवर वाळूत नळ्या खुपसून सॅम्पल काढतात आणि यूव्ही दिव्याखाली चमकणारे दाणे मोजतात. त्यातून टाकलेल्यापैकी किती मालाचा हिशोब लागतो तेही काढतात, फारच कमी लागला तर त्या दिवसाच्या आकड्यावर फार भरवसा ठेवत नाहीत. म्हणजे मेसेजवाल्यांना जी पोल वाटतेय ती तपासणी पद्धतीतच आहे! समजा पसरलेल्या रंगीत दाण्यांच्या पट्ट्याचा मध्य किनाऱ्याने २ तासांत ६० मीटर सरकला, घुसळलेला थर ५ सेंटीमीटर आणि हलणारा पट्टा ४० मीटर रुंद, तर १२० घनमीटर वाळू गेली. कोमार आणि इनमन या संशोधकांनी १९७० साली असाच चमकणाऱ्या वाळूचा डेटा वापरून लाटांची ताकद आणि वाळूची वाहतूक यांचं नातं मांडलं.

सरळ समुद्रात जाते म्हणे! लाट तिरकी आली की पाणी तिरकं वर चढतं, उतरताना मात्र उताराने सरळ खाली येतं, आणि शिवाय लाटा फुटतात तिथे किनाऱ्याला समांतर प्रवाह तयार होतो, त्यामुळे दाणा किनाऱ्याकिनाऱ्याने नागमोडी पुढे जात राहतो. वादळात बरीच वाळू आत ओढली जाते हे खरंय, पण शांत लाटा त्यातली पुष्कळशी परत आणतात.

वजनाचं म्हणाल तर शक्यतो त्याच किनाऱ्याची वाळू घेऊन पातळ थर देतात, आणि दाणे तरंगू नयेत म्हणून आधी साबणाच्या पाण्यात भिजवतात.

रेडिएशन? तसे ट्रेसर वापरले गेलेत, उदाहरणार्थ सोनं-१९८ (सोन्याचा किरणोत्सारी प्रकार), ज्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा उरायला लागणारा वेळ, जेमतेम २.७ दिवस. चमकणाऱ्या रंगात रेडिएशन नसतंच.

खरी मर्यादा मेसेजमध्ये आलीच नाही. एक टेस्ट त्या दिवसाच्या लाटांपुरतीच बोलते, वर्षाचा अंदाज हवा तर वेगवेगळ्या ऋतूंत परत करावी लागते, आणि जुने दाणे नव्यांत मिसळून घोळ होऊ नये म्हणून दरवेळी रंग वेगळा घ्यायचा.