नऊ पणत्या, शंभर रुपये, फायनल

जी वस्तू विकायलाच काढलेली नाही तिचा भाव पडतो का? पडतो. कोपरखैरणे ते ठाणे एवढ्या अंतरात अडीचशेवरून शंभरावर येतो आणि शेवटी गिऱ्हाईकच "जाऊ द्या, नकोच" म्हणून उठून जातं. मला अजून राग येतोय, म्हणून लिहितोय.

थोडक्यात सांगतो. माझी मावसबहीण बेने इस्राईल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरात दिलीय, म्हणजे दिलीय कसली, तिची तीच गेली. आणि धाकट्या मावशीची सून ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडची मूळची मराठी ख्रिश्चन. त्यामुळे आमच्याकडे डिसेंबरात करंज्या नेवऱ्या होतात आणि दिवाळीच्या पणत्या पुन्हा बाहेर निघतात. 2024 साली तर 25 डिसेंबरला ख्रिसमस आणि त्याच संध्याकाळी हनुक्काची, म्हणजे ज्यूंच्या दिव्यांच्या सणाची, पहिली ज्योत, असं याआधी 2005 साली झालेलं, मग मावशीने जाहीर केलं की सगळ्यांनी ठाण्याला माझ्याकडेच यायचं, दोन्ही एकत्र, आणि गिफ्ट विकतचं चालणार नाही, स्वतःच्या हाताने केलेलं पाहिजे. चिठ्ठ्या टाकल्या. मला बहिणीचे सासरे आले, अण्णा.

अण्णांसाठी मी दिव्यांचं स्टँड केलं. जुन्या कपाटाची फळी घासून पॉलिश केली, तिच्यावर दिवाळीतल्या उरलेल्या आठ पणत्या एका रांगेत एमसीलने बसवल्या, आणि नववी जरा उंचावर हवी म्हणून जुन्या लाटण्याचा तुकडा कापून त्याच्यावर ती बसवली. लाटणं जुनं होतं हे माझं म्हणणं. बायकोचं म्हणणं वेगळं आहे, तो विषय घरात चालू आहे. एमसील तळहाताला लागलं की आठवडाभर निघत नाही, ऑफिसात सगळे विचारत होते त्वचेचं काही आहे का. ते असो.

तर पंचवीस तारखेला दुपारी बायको-मुलं आधीच पुढे गेलेली, मी एकटा कोपरखैरण्याला ठाण्याची ट्रान्सहार्बर लोकल पकडली. सुट्टी म्हणून गाडी रिकामी, चक्क खिडकी मिळाली. फळी बॅगेत मावेना म्हणून मांडीवर. समोर एक काका, साठीच्या पुढचे, स्वेटर घातलेला (ठाण्यात, डिसेंबरात, दुपारी), मांडीवर स्टीलचा डबा आणि पायाशी वाटाण्याच्या शेंगांची पिशवी. गाडीत बसून शेंगा सोलणारे पुरुष मी पहिल्यांदाच पाहिले. अंगठ्याने शेंगेचं पोट दाबायचं, टक्, दाणे डब्यात, साल पिशवीत, एक दाणा तोंडात. नजर मात्र पूर्ण वेळ माझ्या मांडीवर.

गाडी सुटली तसं त्यांनी विचारलं, "केवढ्याला?"

मला वाटलं फोनवर बोलतायत.

"अहो, हे पणत्यांचं. केवढ्याला लावलंय?"

"विकायला नाहीये काका. गिफ्ट आहे."

"हो हो. सुरुवातीला असंच म्हणतात. अडीचशे देतो."

आता मी काय विक्रेता दिसतो का? इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. पण मांडीवर माल घेऊन लोकलमध्ये बसलेला माणूस म्हणजे विक्रेता असा आपल्याकडे नियम आहे, आणि विक्रेत्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही, ते बिचारे गर्दीत उभे राहून पाच मिनिटांत दहा गिऱ्हाइकं करतात, मला एक जमलं नसतं. मुद्दा असा की मी "नाही" म्हणालो, आणि काकांना ते "अडीचशेला नाही" असं ऐकू आलं.

घणसोली आली. काका पुढे वाकले. "ही तिसरी वाकडी आहे."

आहे. किंचित आहे. मला माहीत होतं, कारण हनुक्काचे दिवे एका ओळीत एका उंचीला लागतात, फक्त नववा वेगळा, आणि त्यापायी मी रात्री एक वाजता मोबाईलमधली लेव्हल लावून बसलेलो. पण माझ्या घरातल्या कुणालाही न दिसलेलं वाकडेपण या माणसाने चालत्या गाडीत, वाटाणे सोलता सोलता पकडलं. "दोनशे," काका म्हणाले.

"काका, हा ज्यू लोकांचा सण असतो, हनुक्का. त्याच्यासाठी केलंय. बहिणीच्या सासऱ्यांना द्यायचंय."

"ज्यू? ठाण्यात?"

"टेंभी नाक्याजवळ सिनेगॉग आहे की. 1879 सालचं."

"टेंभी नाक्याला देवी बसते," काका ठामपणे म्हणाले, जणू काही एका नाक्याला एकच गोष्ट अलाऊड आहे. मग विचार करून, "बरं, नऊ का? नवरात्र का?"

मी सांगायला लागलो, माझीच चूक नाही, समोरच्याने विचारलं तर माणूस सांगतोच. की जेरुसलेमचं मंदिर त्यांनी शत्रूकडून परत मिळवलं, दिवा लावायला शुद्ध तेल एका दिवसापुरतंच उरलेलं, ते आठ दिवस पुरलं, म्हणून आठ दिवे.

"तेल कुठलं?"

"ऑलिव्हचं."

"मग पुरवणारच," काका म्हणाले. "ऑलिव्हचा भाव बघितलाय का तुम्ही?"

"आणि नववा दिवा असतो शमाश. त्याने बाकीचे पेटवायचे. म्हणून तो उंच."

काकांचा अंगठा पहिल्यांदा थांबला. "म्हणजे आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. सगळीकडे पेटवून द्यायचं आणि आपण वर बसून बघायचं." मग लाटण्याच्या तुकड्याकडे बोट. "हे लाटणं आहे का?"

इथे मला खरंतर आवडायला लागलेले काका, म्हणून मी अजून सांगत बसलो. बेने इस्राईल लोकांची गोष्टच तशी आहे. त्यांच्यात सांगतात की दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, जे वाचले ते कोकणातच राहिले, तेलाचे घाणे चालवायला लागले, आडनावाला गावाचं नाव आणि शेवटी कर. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाववाले त्यांना शनवार तेली म्हणायचे. आणि गंमत म्हणजे पिढ्यानपिढ्या तेल गाळणाऱ्या या लोकांना तेलाचा हा सणच माहीत नव्हता, कारण पूर्वज म्हणे तो सुरू व्हायच्या आधीच तिकडून निघालेले, हनुक्का त्यांना फार नंतर कळला. अण्णांची बायको हे इतक्या झकास मराठीत सांगते, अलिबागचा हेल लावून, की आमच्या घरातले इंग्लिश मीडियमवाले नुसते बघत राहतात.

काकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शनिवारी तेल घेऊच नये. बरोबर आहे त्यांचं."

तोपर्यंत रबाळे गेलं. शेजारी कानात वायर घालून बसलेला एक पोरगा, ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं, त्याने वायर काढली आणि मोबाईल आमच्या मध्ये धरला. "काका, ऑनलाइन तीनशे एकोणपन्नास. पितळेचा. फ्री डिलिव्हरी."

या पोराला मी आयुष्यात माफ करणार नाही.

"बघा," काका मला म्हणाले, प्रेमाने, बाजार समजावून सांगतात तसं. "पितळेचं साडेतीनशेला पडतंय. तुमचं लाकूड. त्यात तिसरी वाकडी. दीडशे."

"काका, मला विकायचंच नाहीये!"

"अहो, चिडता कशाला, बोलून ठरवू."

मी नाही म्हणतोय आणि भाव उतरतोय, असा बाजार वाशीच्या एपीएमसीनेसुद्धा बघितला नसेल. ऐरोलीला काकांनी नवा मुद्दा काढला. "आज पहिला दिवस ना? मग आज किती लावणार?"

"एक. आणि शमाश."

"म्हणजे दोन. आणि तुम्ही पैसे नवाचे घेताय."

मी पैसे घेत नव्हतो हो! पण आता डब्यातले आणखी तिघं ऐकायला लागलेले, त्यातले एक गृहस्थ मान हलवून काकांच्या बाजूने गेले, आणि मी एकदम नवाचे पैसे उकळणारा माणूस झालो. दिघा गाव स्टेशनात काकांनी डबा बाजूला ठेवला, हात स्वेटरला पुसले आणि बायकोला व्हिडिओ कॉल लावला. मला म्हणाले, "जरा सरळ धरा." आणि मी धरलं. का धरलं विचारू नका, बारक्या स्टेशनात गाडी उभी असताना वयस्कर माणूस काही म्हणाला की हात आपोआप वर होतात.

"हे बघ, नऊ पणत्यांचं. तुळशीपुढे छान दिसेल. शंभरात देतायत."

फोनमधल्या काकू चष्मा लावून जवळ आल्या. पडदाभर एक डोळा. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "नको. फळीवर तेल सांडतं, मुंग्या होतात. आणि ते मधलं लाटण्यासारखं काय आहे? तुम्ही वाटाणे घेतले का?"

"घेतले."

"मग या लवकर."

कॉल कट. काकांनी माझ्याकडे फार वाईट वाटल्यासारखं बघितलं. "जाऊ द्या, नकोच. तिला मुंग्यांचा त्रास आहे." आणि ठाणे आलं तसं, दहा नंबरवर उतरता उतरता, वर हेही सांगून गेले, "पण हात बरा आहे तुमचा. सोडू नका. पुढच्या वेळी लाटणं तेवढं नका वापरू."

म्हणजे जे विकायला काढलंच नव्हतं ते नाकारलं गेलं. व्हिडिओवर. मुंग्यांच्या कारणाने.

मावशीकडे पोचलो तर घर गच्च भरलेलं. सुनेने केलेल्या कुलकुल आणि नेवऱ्या एका ताटात, बहिणीच्या सासूबाईंचा मलिदा दुसऱ्या ताटात (पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं), आणि हनुक्काला तळलेलं खायचं असतं म्हणून मावशीने सरळ बटाटेवडे काढलेले. मटणाबरोबर दूधदुभतं चालत नाही म्हणून बासुंदी रद्द, त्यावर मावसभावाने जरा तोंड वाकडं केलं. या भावावर यायचंच होतं मला.

सहा वाजून गेल्यावर, अंधार पडला तसं अण्णांनी टोपी घातली, प्रार्थना म्हटली, शमाश लावला आणि त्याने उजवीकडची पहिली पणती. माझ्याच फळीवर. कुणी फोटो काढत होतं, कुणी ख्रिसमस ट्रीचे दिवे बंद करा म्हणून ओरडत होतं. अण्णा मला हळूच म्हणाले, "तिसरी जरा कलती आहे, पण तिचा नंबर परवा येतो, तोवर बघू." बरं वाटलं. एवढंच, पण बरं वाटलं.

मग गिफ्ट. सुनेने मावशीसाठी क्रोशाचा रुमाल विणलेला, भाचीने बुटाच्या खोक्यातून गाईगुरांसकट ख्रिस्ताचा गोठा बनवलेला, बाळ येशू म्हणून भुईमुगाची शेंग, त्यावर स्केचपेनने डोळे. आणि भावाने बायकोला दिला साबणांचा सेट. क्राफ्ट पेपर, सुतळी, वाळलेलं फूल, आणि टॅग: हाताने बनवलेला. सगळे हा... करून हुंगायला लागले. लव्हेंडर. मावशी म्हणाली, "बघा, किती नीटनेटकं!" ती माझ्याकडे बघून म्हणाली असं नाही म्हणत मी, पण बघत होती माझ्याचकडे.

खोका उघडताना बिल खाली पडलं. मी उचललं. सहाशे पन्नास.

"अरे, हे विकत आणलंय."

"हॅंडमेड आहे ना पण," भाऊ शांतपणे म्हणाला. "कुणीतरी हातानेच केलंय. माझ्या हाताने करायला मला वेळ कुठाय?"

आणि कुणी काही बोललं नाही! नियम मावशीचा, आणि मावशी वडे वाढायला आत गेली. मला हे कळत नाही की रात्री एकपर्यंत जागून, तळहाताला एमसील लावून, लाटणं कापून घरात भांडण ओढवून घेणाऱ्याला "तिसरी वाकडी आहे" आणि दोन क्लिकवाल्याला "किती नीटनेटकं". हौशीने केलेल्या गोष्टीला लोक बघतात ते चुका शोधायला, आणि विकतच्याला बघतात ते कौतुक करायला, कारण तिथे किंमत छापलेली असते. मी तेव्हा गप्प बसलो, पाहुणे होते म्हणून. घरी येताना गाडीत बायकोला बोललो, तर तिने फक्त विचारलं, "नवीन लाटणं कधी आणतोयस?"

हनुक्का 2 जानेवारीपर्यंत चालला. अण्णा रोज संध्याकाळी फळीचा फोटो पाठवायचे, रोज एक पणती जास्त, आणि मुंग्या अजिबात झाल्या नाहीत, हे कुणाच्या ओळखीत कोपरखैरणेच्या गाडीने जाणारे, स्वेटर घालणारे काका असतील तर त्यांना जरूर कळवा. भावाने मग फॅमिली ग्रुपवर पोल टाकला: पुढच्या वर्षी गिफ्ट विकत आणायचं, बजेट पाचशे, चालेल का? बावीस जण "चालेल". "नाही चालणार" वर दोघंच, एक मी आणि एक अण्णा. पण अण्णांनी "चालेल" वरही टिक केलंय.