बॅच संपल्यावर पोरांच्या हातात किती पडतं?

कौशल्य प्रशिक्षणाच्या कुठल्याही कार्यक्रमाला जा, स्टेजवरून तेच आकडे ऐकायला मिळतात. इतक्यांना प्रशिक्षण दिलं, इतके पास झाले, इतक्यांचं प्लेसमेंट झालं. गरीब घरातल्या ज्या पोरापोरींसाठी हा खटाटोप चाललाय, त्यांची कमाई दोन वर्षांनी खरंच वाढलेली असते का, हे मात्र कुणी सांगत नाही. याचा मला मनापासून राग येतो, कारण हे शोधायची पद्धत जगाला कधीची माहीत आहे.

आधी गफलत कुठे होते ते बघा. पोरगं सेंटरवर येतं कधी? हातचं काम सुटलं की. नाव नोंदवताना त्याची कमाई जवळपास शून्य असते. सहा महिन्यांनी ते दहा हजार कमवायला लागलं की सगळं श्रेय प्रशिक्षणाला. पण प्रशिक्षण मिळालं नसतं तरी एवढ्या काळात त्याने कुठेतरी काम धरलंच असतं की! ऑर्ली ॲशेनफेल्टर या अर्थशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये अमेरिकेतल्या नोंदींवरून हेच दाखवलं होतं: प्रशिक्षणाला येणाऱ्यांची कमाई नेमकी त्याच्या आधी घसरलेली असते. म्हणून 'आधी किती, नंतर किती' हा हिशेब फसवा.

खरा हिशेब सोडतीने होतो. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की पात्र मुलांमधून चिठ्ठ्या काढायच्या, आणि काही वर्षांनी नंबर लागलेल्यांची आणि न लागलेल्यांची कमाई शेजारी शेजारी ठेवायची. अमेरिकेत १९८७ ते १९८९ या काळात जेटीपीए या रोजगार-प्रशिक्षणाच्या सरकारी योजनेत १६ ठिकाणी, सुमारे २० हजार अर्जदारांवर हे केलं गेलं. प्रौढांची कमाई थोडीफार वाढली होती. पण शाळा सुटलेल्या १६ ते २१ वयाच्या मुलामुलींना फायदा जवळजवळ नाहीच. सोडत नसती तर हे कळलंच नसतं. पुढे तिथल्या संसदेने तरुणांसाठीचा निधी मोठ्या प्रमाणावर कापला. मला तो निर्णय पटत नाही, कारण पोरांना कशाचा उपयोग होतो हा प्रश्न तसाच राहिला.

उपयोग होऊ शकतो, हेही सोडतीनेच दाखवलं. कोलंबियात २००५ मध्ये तीन महिने वर्ग आणि तीन महिने कंपनीत प्रत्यक्ष काम, असं प्रशिक्षण मिळालेल्या गरीब मुलींची कमाई जवळपास २० टक्के वाढली. अमेरिकेतल्या 'जॉब कोअर' या तरुणांसाठीच्या निवासी प्रशिक्षण योजनेत चौथ्या वर्षी कमाई सुमारे १२ टक्के जास्त होती, पण पुढे तो फायदा प्रामुख्याने २० ते २४ वयात आलेल्यांचाच टिकला. म्हणजे कुणाला, कसं आणि किती काळ शिकवलं, यावर सगळं आहे.

आपल्याकडे काय होतं? चाकणला नोकरी लागलेल्या आमच्या भागातल्या एका पोराच्या खोलीवर गेलो होतो. कॉट बेसिसवर एका खोलीत पाच जण. हातात पडायचे साडेअकरा हजार. खोली, मेस, कंपनीची बस चुकली तर रिक्षा, मोबाइलचा रिचार्ज असं सगळं त्याने वहीत लिहून ठेवलं होतं. घरी पाठवायला दोन हजार उरत. गावात मिस्त्रीच्या हाताखाली त्यापेक्षा जास्त उरायचे. दिवाळीला आला तो परत गेलाच नाही. तीन पगारपावत्या जमा झाल्या होत्या, त्यामुळे सेंटरच्या कागदावर तो आजही 'प्लेस्ड' आहे. त्याच्यासारख्या पोराला 'टिकत नाही, आळशी आहे' म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. त्याने हिशेब केला होता, योजनेने केला नव्हता.

'मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजने'त २०२४ पासून बारावी पास मुलांना महिन्याला ६ हजार, आयटीआय-पदविकावाल्यांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार विद्यावेतन ठरलं. मुदत सहा महिन्यांची होती, नंतर अकरा झाली. मुदत संपल्यावर त्या मुलांचं काय झालं, हे गावोगाव मोजायला हवं.

सोडत अन्यायाची वाटते, असं काही मित्र म्हणतात. पण जागा अपुऱ्याच असतील तर आज नंबर कुणाचा लागतो? ज्याची मोबिलायझरशी, म्हणजे सेंटरसाठी पोरं गोळा करणाऱ्या माणसाशी, ओळख आहे त्याचा. चिठ्ठीत निदान पारधी वस्तीवरच्या पोरीचं नावही इतरांइतक्याच वेळा निघू शकतं. कंपनीतल्या पगाराचा माग पीएफच्या खात्यावरून लागतो. रोजंदारीवाल्यांकडे मात्र वर्षातून एकदा कुणीतरी घरी जाऊन विचारायला हवं, आणि हा खर्च योजनेच्या बजेटमध्येच पहिल्या दिवसापासून धरायला हवा. तुमच्यापैकी कुणी सेंटर चालवत असेल, तर पुढच्या बॅचला अर्ज जास्त आल्यावर नंबर न लागलेल्यांची यादी फेकू नका. त्यांचे फोन नंबर जपून ठेवा.